मौन, श्रवण आणि रिकामी बडबड : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकच्या पंचवटीतील एका घराच्या माडीवर आम्ही काही जण आठवड्यातून एकदा तासभर न बोलता बसतो. या बैठकीला नाव नाही, वर्गणी नाही आणि कोणी गुरूही नाही. नव्याने येणारी माणसे मात्र प्रश्न घेऊन येतात, आणि बैठकीत बोलायचे नसल्यामुळे ते प्रश्न बहुधा जिन्यातच विचारले जातात. त्यांपैकी पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. उत्तरे लिहिणारा साधा उपासक आहे, शास्त्री नव्हे. जेथे परंपरेचा आधार आहे तेथे तो दिला आहे आणि जेथे केवळ माझे मत आहे तेथे तसे म्हटले आहे.

रिकामी बडबड म्हणजे नेमके काय? सगळ्याच गप्पा वाईट असतात का?

सगळ्या गप्पा वाईट नसतात. जेवणानंतर ओसरीवर रंगणाऱ्या शिळोप्याच्या गप्पा, आजारी माणसाच्या उशाशी बसून केलेले इकडचे तिकडचे बोलणे, रविवारी मिसळ खाताना जुन्या मित्रांनी एकमेकांची काढलेली खोडी, यांत माणसाला माणसाची सोबत मिळते. ते बोलणे वरवर निरर्थक वाटले तरी रिकामे नसते.

गीतेच्या सतराव्या अध्यायात वाणीच्या तपाची लक्षणे सांगितली आहेत. बोलणे दुसऱ्याला उद्विग्न न करणारे असावे, खरे असावे, प्रिय असावे आणि हिताचे असावे. ही चारही एकाच वेळी साधणे सोपे नाही. पण ज्या बोलण्यात यांपैकी एकही सापडत नाही ते रिकामे, असे धरून चालायला हरकत नाही. अनुपस्थित माणसाची नालस्ती, स्वतःची प्रौढी, आणि केवळ शांतता सहन होत नाही म्हणून लावलेली टकळी हे रिकाम्या बडबडीचे नेहमीचे प्रकार होत.

याशिवाय एक प्रकार असा आहे की ज्याकडे धार्मिक माणसांचे सहसा लक्ष जात नाही, कारण तो त्यांच्याच घरात राहतो. देवाविषयीची बडबड हा तो प्रकार. कोणाच्या किती वाऱ्या झाल्या, कोणाच्या महाराजांचा अधिकार मोठा, कोणाचे अनुष्ठान विधिपूर्वक झाले नाही, यावर दोन-दोन तास चर्चा चालते आणि त्या दोन तासांत देवाचे नाव शंभरदा येते. सकाळी सहापासून एकमेकांना पाठवले जाणारे, पाठवणाऱ्यानेही न वाचलेले सुविचार मी याच सदरात घालतो. नाक्यावरच्या चकाट्यांपेक्षा हा प्रकार मला अधिक घातक वाटतो, कारण नाक्यावर बसलेल्या माणसाला आपण वेळ घालवतो आहोत हे निदान ठाऊक असते.

मौन म्हणजे न बोलणे एवढेच ना?

त्याच अध्यायात याचे उत्तर आहे, आणि ते प्रथम वाचणाऱ्याला चकित करते. गीता तपाचे शारीरिक, वाचिक आणि मानसिक असे भाग करते. मौन ही जिभेची गोष्ट असल्याने ते वाचिक तपात असेल अशी आपली अपेक्षा असते. प्रत्यक्षात ते मानसिक तपात, मनाची प्रसन्नता, सौम्यपणा, आत्मसंयम आणि भावनेची शुद्धता यांच्या पंक्तीला बसवलेले आहे. वाणीच्या वाट्याला गप्प बसणे आलेले नाही. तिने चांगले बोलावे आणि स्वाध्याय करावा एवढीच तिच्याकडून अपेक्षा आहे. तोंड मिटून मनातल्या मनात शेजाऱ्याशी भांडण चालू ठेवणारा माणूस या हिशेबाने मौनात नाहीच.

म्हणून तोंड बंद करणे ही तयारी समजावी. ती आवश्यक आहे, कारण बोलणाऱ्याला स्वतःचे मन किती बोलते हे कळतच नाही. बसल्यानंतरच्या पहिल्या पंधरा मिनिटांत मागे राहिलेली बिले, कालचा अपमान, उद्याची भाजी आणि वीस वर्षांपूर्वी द्यायला हवे होते ते चोख उत्तर, हे सगळे रांगेने येते. मौन बिघडले असे तेव्हा समजू नये. आधीपासून चालू असलेला गलबला पहिल्यांदा कानावर पडतो आहे, इतकेच.

देवाचे ऐकायचे म्हणजे काय? खरोखर काही ऐकू येते का?

या प्रश्नासाठी हे सारे टिपण लिहिले असे म्हटले तरी चालेल, म्हणून येथे थोडे सविस्तर लिहितो.

भागवतात प्रल्हादाच्या तोंडी नऊ प्रकारची भक्ती आली आहे आणि तिची सुरुवात श्रवणाने होते. कीर्तन, स्मरण, अर्चन, वंदन हे सारे नंतर येते. आपल्याकडे श्रवण म्हणजे मुख्यतः कथा-पुराण ऐकणे असा अर्थ रूढ झाला, आणि तो खराही आहे. परंतु ऐकण्याची सवय लागलेला कान फक्त कथेपुरता उघडा राहात नाही. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाच्या आरंभी ज्ञानेश्वर महाराज श्रोत्यांकडे एकच गोष्ट मागतात, ती म्हणजे अवधान. ते दिले की सर्व सुखाला पात्र व्हाल, अशी प्रतिज्ञाच ते करतात. तेथे दक्षिणा मागितलेली नाही, विद्वत्ता मागितलेली नाही, पूर्वपुण्याचा दाखलाही मागितलेला नाही.

ज्यांनी दीर्घकाळ बसण्याचा सराव केला आहे त्यांपैकी बहुतेकांचा अनुभव असा की कानाला काही ऐकू येत नाही. मनातली धावपळ ओसरल्यावर एखादी गोष्ट आपोआप वर येते आणि तिथेच थांबते. कोणाला तरी दिलेला शब्द आठवतो, भावाशी तुटलेले बोलणे आठवते, आईच्या डोळ्यांच्या तपासणीची तारीख आठवते. त्या आठवणीत वाद नसतो आणि सबबही नसते. ते देवाचे बोलणे, की आपलीच सदसद्विवेकबुद्धी? भक्ताच्या दृष्टीने या दोहोंमध्ये भिंत घालण्याचे कारण नाही, कारण हृदयात बसलेला तो ईश्वर असे गीताच म्हणते. ज्यांचा ईश्वरावर विश्वास नाही असेही दोघे आमच्याकडे येतात; ते दुसरा शब्द वापरतात आणि आमचे त्यावर अडत नाही.

शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात एक लहानशी गोष्ट उद्धृत केली आहे. बाष्कलीने बाध्व ऋषींना विचारले, ब्रह्म मला सांगा. ऋषी गप्प राहिले. त्याने दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा विचारले. तेव्हा ते म्हणाले की मी सांगतोच आहे, तुला कळत नाही. हा आत्मा उपशांत आहे. मला या गोष्टीत ऋषींच्या उत्तरापेक्षा बाष्कलीचा उतावीळपणा अधिक ओळखीचा वाटतो. आपली बहुतेक प्रार्थना तशीच असते. आपण मागणी मांडतो, यादी वाचून दाखवतो, आणि उत्तराला जागा न ठेवता प्रसाद घेऊन उठतो.

जे मनात आले ते देवाकडूनच आले, की माझ्याच इच्छेने देवाचा आवाज काढला, हे कसे ओळखावे?

खात्रीची कसोटी कोणाकडेही नाही, आणि ती आहे असे सांगणाऱ्यापासून दूर राहावे. तरीही आमच्या बैठकीतील जुन्या मंडळींनी काही अडसर स्वतःसाठी ठेवले आहेत. जे सुचले ते माझ्या सोयीचे आणि माझी स्तुती करणारे असेल तर मी त्यावर संशय घेतो. त्यामुळे दुसऱ्याने काय करावे हे मला समजले असेल, तर तो संशय दुप्पट होतो. ‘देवाने मला तुझ्याविषयी सांगितले’ या वाक्याने घरेच्या घरे मोडलेली आहेत. जे सुचले ते लहान, करता येण्याजोगे आणि जरा नकोसे असेल, उदाहरणार्थ माफी मागणे, उसने घेतलेले परत करणे, भेटायला जाणे, तर ते करून टाकावे. ते देवाकडून आलेले नसले तरी त्यात कोणाचे नुकसान होत नाही. मोठा निर्णय असेल, म्हणजे नोकरी, लग्न, जमिनीची वाटणी किंवा औषधोपचार, तर केवळ मौनात सुचले म्हणून काहीही करू नये. ते काही दिवस तसेच ठेवावे आणि जाणत्या माणसाशी बोलावे.

मला प्रत्यक्ष कानात आवाज ऐकू येतात. हा साक्षात्कार आहे का?

आवाज स्पष्ट ऐकू येत असतील, ते आज्ञा देत असतील, भीती घालत असतील किंवा झोप उडाली असेल, तर एकांत वाढवू नये आणि मनोविकारतज्ज्ञांना लवकर भेटावे. तीव्र नैराश्यात असलेल्या माणसालाही दीर्घ मौन मानवत नाही. उपचार घेणे ही श्रद्धेतली उणीव नव्हे. बैठकीला येणाऱ्या अशा माणसाशी आम्ही त्या दिवशी बोलतो, आणि मौन बाजूला ठेवतो.

मौन श्रेष्ठ असेल तर नामजप, भजन आणि कीर्तन यांचे काय?

मौन आणि नाम यांना एकमेकांविरुद्ध उभे करणे मराठी परंपरेला मानवणारे नाही. जपाचे वाचिक, उपांशु आणि मानस असे तीन प्रकार मानले जातात. वाचिक जप मोठ्याने होतो, उपांशु जपात फक्त ओठ हलतात, आणि मानस जपात तेही थांबतात. तिसरा प्रकार सर्वांत वरचा मानला आहे, आणि तो मौनातच होतो.

याचे आपल्या गावातले उदाहरण म्हणजे टाकळी. समर्थ रामदासांनी तेथे बारा वर्षे तपश्चर्या केली असे परंपरा सांगते. पहाटेपासून मध्यान्हापर्यंत नंदिनी आणि गोदावरीच्या संगमावर पाण्यात उभे राहून त्रयोदशाक्षरी राममंत्राचा जप, त्यानंतर माधुकरी, आणि दुपारनंतर ग्रंथवाचन आणि कीर्तन-पुराणांचे श्रवण, असा त्यांचा दिनक्रम सांगितला जातो. दिवसाचा मोठा भाग नामात आणि ऐकण्यात गेला. पुढे आयुष्यभर बोलण्या-लिहिण्याचा जो प्रपंच त्यांनी केला तो त्यानंतरचा. आज त्या नंदिनीला नासर्डी म्हणतात आणि तिच्या काठी उभे राहिले तर नाकाला रुमाल लावावा लागतो, ही आपल्या पिढीची कमाई. मठातला गोमय मारुती मात्र पाहावा, आणि पाहून लगेच गाडीला किल्ली लावू नये.

कीर्तनाविषयी माझे मत असे की ते उभ्याने ऐकले, बसून ऐकले तरी चालते, पण मोबाइलवर चित्रीकरण करत ऐकले तर ते ऐकणे नव्हे.

किती वेळ बसावे, आणि नाशिकमध्ये कोठे बसावे?

सुरुवातीला वीस मिनिटे पुरेत. वेळ रोज एकच असावी, कारण मन सवयीचे गुलाम आहे आणि हा गुण येथे उपयोगी पडतो. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत पाळीने काम करणाऱ्यांनी ‘पहाटे चारला उठावे’ असल्या उपदेशाकडे दुर्लक्ष करावे. रात्रपाळी संपवून घरी आल्यावर, चहाच्या आधी, हातपाय धुऊन बसलेली वीस मिनिटे तितकीच चांगली. द्राक्षाच्या बागेची छाटणी चालू असताना शेतकऱ्याला घरी बसायला फुरसत नसते. निफाडकडचे आमचे एक स्नेही त्या दिवसांत ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत न बोलता कात्री चालवतात आणि टोकाला पोचल्यावर मजुरांशी जे बोलायचे ते बोलतात.

जागेविषयी. रामकुंड पवित्र आहे, पण सकाळी तेथे शांतता शोधणे व्यर्थ आहे. गुरुजींचे संकल्प, यजमानांचे गोत्र विचारणे, पितळी भांड्यांचा आवाज, आणि बुधवारी बाजाराची भर, यांतून ज्याला मौन साधते त्याला कोठेही साधेल. पांडवलेणीच्या पायऱ्या सकाळी लवकर चढल्यास वरच्या विहारांत बरा वेळ मिळतो. खडकात कोरलेल्या त्या कोठड्या बौद्ध भिक्षूंनी राहण्यासाठी आणि ध्यानासाठीच वापरल्या होत्या. त्र्यंबकेश्वरला गेल्यास ज्योतिर्लिंगाच्या रांगेतून बाहेर पडून निवृत्तिनाथांच्या समाधीपाशी बसावे. पौष वद्य एकादशीच्या यात्रेत तेथे दिंड्यांची दाटी असते, इतर दिवशी बसायला जागा मिळते. ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेत चुकामूक होऊन निवृत्तिनाथ गहिनीनाथांच्या गुहेत पोचले आणि तेथे त्यांना उपदेश मिळाला, अशी कथा आहे. ज्ञानेश्वरांनी आपल्या साऱ्या बोलण्याचे श्रेय ज्यांना दिले, त्या या थोरल्या भावाचे स्वतःचे बोलणे त्या मानाने किती थोडे आपल्यापर्यंत आले आहे, हे तेथे बसल्यावर मनात येते.

हे सर्व सांगून झाल्यावर खरे सांगायचे तर देवघरासमोरचा पाट पुरतो.

मी मौन धरले की घरात सगळ्यांना मी रागावले आहे असे वाटते. काय करावे?

हा प्रश्न जवळजवळ नेहमी सुनांकडून आणि आयांकडून येतो, पुरुषांकडून फारसा येत नाही. घरातला पुरुष तासभर गप्प बसला तर ‘त्यांचे ध्यान चालले आहे’ म्हणून टीव्हीचा आवाज कमी केला जातो. बाई गप्प बसली तर काय बिनसले याची चौकशी सुरू होते. मौनाआधी या अन्यायाची दखल घेतली पाहिजे. घरातल्या प्रत्येकाला विनाव्यत्यय अर्धा तास मिळेल अशी कामाची वाटणी करणे हा उपासनेचाच भाग समजावा, आणि ती वाटणी ज्यांना आजवर अर्धा तास सहज मिळत आला त्यांनी स्वतःहून करावी.

आता दुसरी बाजू. आपण धरलेला तो अबोला तर नाही ना, हे स्वतःला विचारावे. अबोला दुसऱ्याला शिक्षा करण्यासाठी असतो आणि समोरच्याने आधी बोलावे याची वाट पाहात असतो. ज्ञानेश्वर लोकांच्या वागण्याने दुखावून झोपडीचे दार लावून बसले तेव्हा धाकट्या मुक्ताबाईंनी दाराबाहेर उभे राहून त्यांना ताटी उघडायला सांगितली, ही कथा सर्वांना ठाऊक आहे. ज्ञानेश्वरांच्या मौनाचे कौतुक करत ती बहीण दाराबाहेर बसून राहिली नाही. दुखावलेपणातून आलेले गप्प बसणे कोणाचेही असो, ते उघडायलाच हवे असे तिने धरले.

व्यवहारात, आधी सांगून बसावे. ‘साडेसहापर्यंत मी बोलणार नाही, दूध उतू गेले तर मात्र हाक मारा’ एवढे पुरते. लहान मूल असेल तर ते हाक मारणारच, आणि त्या हाकेला ओ द्यावी.

चातुर्मासात मौनभोजनाचा नेम करण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. उद्यापनाला घंटा दान करतात. आमच्या ओळखीच्या एका घरात आजींचा हा नेम असतो. आमटी हवी की पोळी, हे त्या खुणेनेही सांगत नाहीत. वाढणाऱ्याला ताटाकडे पाहावे लागते, कोशिंबिरीची वाटी रिकामी झाली का, भात संपत आला का, हात थांबला तो पोट भरले म्हणून की मीठ कमी आहे म्हणून. चार महिन्यांत त्या घरातल्या नातवंडांना न सांगता समजायला लागते. मौन एकीचे, आणि श्रवण सगळ्या घराचे, असे तेथे घडते.

इगतपुरीची दहा दिवसांची शिबिरे याच गोष्टीसाठी असतात का?

नाही, आणि जाण्याआधी हा फरक समजून घ्यावा. सत्यनारायण गोएंका यांनी शिकवलेल्या पद्धतीने १९७६ पासून धम्मगिरी येथे विपश्यनेची शिबिरे होत आहेत. तेथे आर्य मौन पाळतात. म्हणजे बोलणे तर नाहीच, पण खाणाखुणा, लेखन आणि वाचनही नाही. आचार्यांशी आणि व्यवस्थापकांशी गरजेपुरते बोलता येते. पहिले तीन दिवस श्वासाकडे लक्ष देणे, नंतर शरीरावरील संवेदना तटस्थपणे पाहणे, आणि दहाव्या दिवशी मौन सुटणे, असा क्रम असतो. त्या पद्धतीत ईश्वराला उद्देशून काही नाही, आणि शिबिराच्या काळात आपला जप, पूजा, पोथी बाजूला ठेवण्यास सांगितले जाते. ज्यांना हे दहा दिवस मान्य आहेत त्यांनी अवश्य जावे. मौनाची शिस्त इतक्या काटेकोरपणे अन्यत्र क्वचितच शिकायला मिळते. तेथे बसून गुपचूप माळ ओढणे हे मात्र दोन्ही मार्गांशी प्रतारणा करण्यासारखे आहे.

समोर अन्याय दिसत असताना गप्प राहणे हे मौन म्हणायचे का?

ते मौन नव्हे, ती संमती होय. आणि नाशिककराला हे दुसऱ्या गावाच्या उदाहरणाने सांगण्याची गरज नाही. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराच्या प्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाड आणि हजारो स्त्रीपुरुष त्यात होते. मंदिराचे दरवाजे बंद करण्यात आले. लढा काही वर्षे चालू राहिला, आणि दार उघडले नाही. पुढे १३ ऑक्टोबर १९३५ रोजी, याच जिल्ह्यातील येवल्यात, हिंदू म्हणून मरणार नाही ही घोषणा बाबासाहेबांनी केली.

त्या वर्षांत या गावात भाविकांची उणीव नव्हती. जप होत होते, कथा होत होत्या, काकडआरती वेळेवर होत होती, आणि देवाच्या दर्शनासाठी दारात उभ्या असलेल्या माणसांचा आवाज आत बसलेल्यांना ऐकू येत होता. देवाचे ऐकण्याविषयी लिहिणाऱ्या कोणाही नाशिककराने ही गोष्ट टाळून पुढे जाऊ नये, असे मला वाटते. दाराबाहेरच्या माणसाचे ज्याने ऐकले नाही, त्याने गाभाऱ्यात काय ऐकले असेल?

विनोबांनी २५ डिसेंबर १९७४ पासून वर्षभराचे मौन घेतले होते. त्या काळातच आणीबाणी आली. मौनात असलेल्या विनोबांच्या नावावर ‘अनुशासनपर्व’ हा एक शब्द देशभर गाजवला गेला, आणि त्यांना त्यातून नेमके काय अभिप्रेत होते यावर नंतर वाद झाला. ज्या माणसाच्या शब्दाला वजन आहे त्याच्या मौनाचा अर्थ इतर लोक लावतात, आणि तो त्यांच्या सोयीने लावतात. म्हणून नेम घेताना त्याला अपवादाची एक खिडकी ठेवावी: कोणावर अन्याय होत असेल आणि माझ्या बोलण्याने फरक पडणार असेल, तर नेम मोडेन.

पाटीवर लिहिणे किंवा खुणा करणे चालते का? आणि मोबाइल?

हे ज्याच्या त्याच्या नेमावर आहे. गांधीजी सोमवारी मौन पाळत आणि गरजेचे ते चिठ्ठीवर लिहीत. मेहेरबाबांनी अहमदनगरजवळच्या मेहेराबादला १० जुलै १९२५ रोजी मौन धरले आणि १९६९ मध्ये देह ठेवीपर्यंत ते सोडले नाही. १९५४ पर्यंत ते अक्षरांच्या फळीवर बोट ठेवून बोलत, पुढे ती फळीही सोडून केवळ खुणांनी व्यवहार करत. १९३० च्या दशकात काही काळ त्यांचा आश्रम नाशिकलाही होता. इतक्या मोठ्या काळाचे मौन असेल तर संवादाचे काही साधन लागणारच.

वीस मिनिटांच्या मौनाला ते लागत नाही. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवावा. उलटा करून मांडीशेजारी ठेवलेला मोबाइल हा बोलण्याच्या तयारीत बसलेला माणूसच आहे.

हे फक्त हिंदू उपासनेपुरते आहे का?

अजिबात नाही. आमच्याकडे नाशिकरोडचे एक ख्रिस्ती गृहस्थ अधूनमधून येतात. बायबलमधील बाल शमुवेलाची कथा त्यांनीच प्रथम सांगितली. रात्री हाक ऐकून तो मुलगा वृद्ध एली याजकाकडे धावत जातो, आणि तिसऱ्या वेळी एलीच्या ध्यानात येते की हाक देवाची आहे. पुन्हा हाक आली तर ‘बोल, तुझा दास ऐकत आहे’ असे म्हण, एवढेच एली त्याला शिकवतो. एलीया संदेष्ट्याच्या कथेत वारा, भूकंप आणि अग्नी यांत परमेश्वर नसतो, आणि त्यांच्यानंतर येणाऱ्या मंद स्वरात तो बोलतो. शमुवेलाच्या कथेचा पुढचा भाग सहसा सांगितला जात नाही. त्या मुलाने जे ऐकले ते एलीच्याच घराण्यावरच्या शिक्षेविषयी होते, आणि सकाळी ते त्याला एलीच्या तोंडावर सांगावे लागले.

बाहेर ध्वनिवर्धक चालू असताना मौन कसे साधावे?

लहान आवाजांशी भांडू नये. कुकरची शिटी, रिक्षा, शेजारच्यांचा कुत्रा हे येतात आणि जातात. ध्वनिवर्धकाची गोष्ट वेगळी. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत उघड्यावर ध्वनिवर्धकाला मनाई आहे, आणि सणावारी ठरावीक दिवसांपुरती शासन सवलत देऊ शकते. रुग्णालये, शाळा आणि न्यायालये यांच्या भोवतीचे किमान शंभर मीटर शासन शांतता क्षेत्र म्हणून अधिसूचित करू शकते. नियम मोडला जात असेल तर तक्रार करावी, आणि तो मंडप आपल्याच आळीचा, आपल्याच देवाचा असेल तर आधी करावी. सिंहस्थात गावाचा आवाज कितीतरी पटींनी वाढतो. २०१५ मध्ये आम्ही त्या दिवसांपुरती बैठक गावाबाहेर एका मळ्यात हलवली होती.

बसल्यावर झोप येते.

मग झोपावे. झोपेची थकबाकी फेडल्यावर पुन्हा बसावे. रडू आले तरी घाबरू नये. ते बहुतेकांना कधी ना कधी येते. दर वेळी येऊ लागले तर कोणाशी तरी बोलावे.

मौन सुटल्यावर प्रथम काय बोलावे?

आमच्या बैठकीनंतर चहा होतो आणि त्या पहिल्या पाच मिनिटांत तासाभराची कमाई उधळली जाण्याची पुरती सोय असते. कोणाला काय अनुभव आला याची विचारपूस आम्ही कटाक्षाने टाळतो, कारण दोन-तीन बैठकांतच अनुभवांची चढाओढ लागते आणि ज्याला काही आले नाही तोही काहीतरी जुळवून सांगू लागतो. मौनात कोणाची आठवण थांबून राहिली असेल तर पहिला फोन त्या माणसाला करावा. तसे काही नसेल तर साखर कमी आहे की जास्त, हे सांगितले तरी चालते.